पाण्याचा तराजू

नाशिकच्या रामकुंडावर दिवेलागणीच्या सुमारास गेले असता एक साधे दृश्य नित्य पाहावयास मिळते. कोणी यात्रेकरू पायऱ्या उतरून पाण्याजवळ येतो. त्याच्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण असतो. द्रोणात चार फुले आणि मधोमध तेवणारी इवलीशी पणती. तो द्रोण अलगद पाण्यावर सोडतो, हात जोडतो आणि खिशातून एक नाणे काढून तेही गोदावरीला अर्पण करतो. द्रोण डुलत डुलत दूर जातो. नाणे मात्र ‘डुबुक्’ असा आवाज करून क्षणात दिसेनासे होते.

पायरीवर बसलेल्या एखाद्या मुलाला यात काहीच नवल वाटत नाही. द्रोण हलका म्हणून तरंगला, नाणे जड म्हणून बुडाले, असे तो सहज सांगून टाकतो. हे उत्तर जरा तपासून पाहावे. आजचे एक रुपयाचे नाणे चार ग्रॅमही भरत नाही. द्रोण, फुले, पणती आणि तेल यांचे एकत्र वजन त्याहून कितीतरी अधिक असते. पावसाळ्यात तर याच नदीतून आंब्याचे किंवा उंबराचे उन्मळून पडलेले अख्खे खोड वाहत येते. ते उचलावयास दहा माणसेही पुरी पडणार नाहीत. तरी ते पाण्यावर तरंगत जाते आणि चार ग्रॅमांचे नाणे तळ गाठते. तेव्हा तरंगणे किंवा बुडणे नुसत्या वजनावर ठरत नाही, हे उघड आहे. मग ते ठरते तरी कशावर?

ज्यांनी विहिरीतून पाणी शेंदले आहे त्यांना या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग ठाऊक आहे; आपणांस तो ठाऊक आहे हे मात्र त्यांच्या ध्यानात आलेले नसते. घागर भरून पाण्याखाली गेली म्हणजे दोराला विशेष ओढ लागत नाही. पाण्यातल्या पाण्यात ती वर घेणे अगदी सोपे जाते. परंतु घागरीचा गळा पाण्याबाहेर आला की दोर एकाएकी ताठ होतो आणि हातांना रग लागते. घागर तीच, पाणीही तेवढेच. मग आतापर्यंत तिचा भार कोण वाहत होते?

नदीच्या पात्रातील एखादा धोंडा उचलतानाही हाच अनुभव येतो. पाण्याखाली असेपर्यंत तो दोन हातांनी सहज हलतो. पाण्याबाहेर येताच तो भारी होतो. याचे कारण असे की, पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी सर्व बाजूंनी दाबीत असते. जसजसे खोल जावे तसतसा हा दाब वाढतो. धोंड्याच्या वरच्या अंगावर पाणी खाली दाबते आणि खालच्या अंगावर वर रेटते. खालचे अंग अधिक खोल असल्यामुळे तेथील रेटा वरच्या दाबापेक्षा जास्त असतो. या दोहोंतील फरकाने धोंडा काहीसा वर उचलून धरला जातो. या वर उचलून धरणाऱ्या रेट्याला शास्त्रात प्लावक बल असे नाव आहे.

आता हे बल किती असते, ते पाहू. त्यासाठी थोडी कल्पना करावी लागेल. धोंडा पाण्यात आला त्यापूर्वी त्या जागी काय होते? पाणीच होते. धोंड्याच्या आकाराएवढे ते पाणी आपल्या जागी निश्चल होते. ते खालीही जात नव्हते आणि वरही उसळत नव्हते. त्याला वजन तर होते. वजन असून ते खाली जात नव्हते, त्या अर्थी भोवतालचे पाणी त्याचा सगळा भार, ना कमी ना अधिक, तोलून धरीत होते. मग धोंडा आला व त्याने ते पाणी सारून स्वतः ती जागा घेतली. भोवतालच्या पाण्याला या बदलाची काय खबर! ते आपले पूर्वीइतकाच आधार देत राहते. म्हणून बुडालेल्या वस्तूला मिळणारा आधार हा तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. 

ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे मांडली ती आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाने. सिसिली बेटावरील सिराक्यूज हे त्याचे नगर. इसवी सनापूर्वी २१२ साली रोमन सैन्याने ते नगर जिंकले, तेव्हा एका शिपायाच्या हातून तो मारला गेला. हिएरो राजाचा मुकुट अस्सल सोन्याचा आहे की नाही, हे शोधता शोधता स्नानाच्या वेळी त्याला युक्ती सुचली आणि तो आनंदाने ओरडत तसाच रस्त्यावर धावला, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र ती प्रथम लिहून ठेवली ती व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी! तेव्हा तिच्यातील धावण्याचा आणि ओरडण्याचा भाग किती खरा धरावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. तरंगणाऱ्या वस्तूंविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ मात्र आजही उपलब्ध आहे, आणि वर सांगितलेला नियम त्यात आहे.

हा नियम हाती आला म्हणजे पाणी हा एक तराजूच आहे, असे दिसू लागते. या तराजूच्या एका पारड्यात वस्तूचे वजन असते. दुसऱ्या पारड्यात, वस्तूने जेवढी जागा व्यापली तेवढ्या जागेतील पाण्याचे वजन असते. नाशिकच्या डोंगरांतील काळ्या पाषाणाचा एक लिटर आकारमानाचा तुकडा घेतला, तर त्याचे वजन सुमारे २.९ किलो भरते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे पाषाणाला पाण्यात एक किलोचा आधार मिळतो, आणि उरलेल्या १.९ किलोच्या भाराने तो खाली जातो. रुपयाच्या नाण्याने सारलेले पाणी जेमतेम अर्धा ग्रॅम असते. तेवढ्या आधाराने त्याचे काय भागणार!

आता आंब्याच्या वाळलेल्या लाकडाचा तेवढाच, एक लिटर आकारमानाचा ठोकळा घेऊ. त्याचे वजन साधारणतः ६५० ग्रॅम असते. तो हाताने दाबून पूर्ण पाण्याखाली नेला, तर पाणी त्याला एक किलोच्या बळाने वर रेटते. हात काढताच तो उसळून वर येतो आणि त्याचा काही भाग पाण्याबाहेर राहतो. बाहेर आलेल्या भागाने पाणी सारलेले नसते, म्हणून आधारही तेवढा कमी होतो. पाण्याखालच्या भागाने ६५० ग्रॅम पाणी सारले की दोन्ही पारडी समान होतात, आणि ठोकळा तेथेच स्थिरावतो. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली असतो. बर्फाचे पारडे याहून भारी. एक लिटर बर्फ सुमारे ९२० ग्रॅम भरतो, म्हणून समुद्रातील हिमनगाचा फार थोडा भाग डोळ्यांना दिसतो आणि बाकीचा पाण्याखाली दडलेला असतो.

एखाद्या पदार्थाच्या ठराविक आकारमानात किती वस्तुमान सामावले आहे, यास त्या पदार्थाची घनता म्हणतात. एका घन सेंटिमीटर पाण्यात एक ग्रॅम, लोखंडात ७.८ ग्रॅम, तांब्यात ८.९ ग्रॅम, तर पाऱ्यात १३.६ ग्रॅम असतात. यावरून लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो पण पाऱ्यावर तरंगतो, याचा उलगडा होतो. रामकुंडावरच्या पणतीतील तेल सांडले तर ते पाण्यावर तवंग धरते, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी आहे.

दगडाची घनता पाण्याहून जास्त असते खरी; तथापि दगडाच्या सगळ्याच जातींना हे लागू पडत नाही. काही ज्वालामुखींच्या स्फोटांत उसळलेला रस वायूच्या असंख्य बुडबुड्यांसकट थिजतो आणि स्पंजासारखा सच्छिद्र दगड तयार होतो. त्याला प्यूमिस म्हणतात. १८८३ साली इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा अशा दगडांचे थरच्या थर हिंदी महासागरावर महिनोन्‌महिने तरंगत होते आणि त्यांतील काही आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाऊन लागले. हे दगड ज्या पदार्थाचे बनले तो पदार्थ पाण्याहून जडच असतो. त्यांना तारले ते पोटातल्या पोकळीने.

हीच पोकळीची युक्ती माणसाने भांड्यात वापरली. गोदाकाठी नाशिकचा जुना भांडीबाजार आहे. तेथील दुकानातून तांब्याचा दोन किलोचा पत्रा आणून पाण्यात टाकला, तर तो सरळ तळाशी जाईल. परंतु तांबट त्याच पत्र्याला ठोकून ठोकून दहा लिटरांचे पातेले घडवितो, आणि ते पाण्यावर निवांत तरंगते. तांबे बदलले नाही, वजनही बदलले नाही. पसरट होऊन आणि पोटात हवा धरून ते आता पुष्कळ पाणी सारू शकते, एवढाच फरक झाला. दोन लिटर पाणी सारले की त्याचे काम भागते. एवढेच नव्हे, तर आणखी सुमारे आठ किलो धान्य पोटात घेऊनही ते तरंगत राहील. मुंबईच्या बंदरातील पोलादी जहाज म्हणजे याच पातेल्याची थोरली आवृत्ती होय.

मात्र पातेल्याच्या पोटात हवेऐवजी पाणी शिरू लागले, तर तराजू हळूहळू फिरतो. आपल्या पूर्वजांनी या फिरण्याचेच घड्याळ केले होते. घटिकापात्र म्हणजे तांब्याची एक लहान वाटी. तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली की छिद्रातून पाणी आत येऊ लागते. वाटी खाली खाली जाते, तिची कड पाण्याला टेकते आणि अखेरीस ती बुडते. पुरते बुडण्यास २४ मिनिटे लागावीत, अशा बेताने छिद्र पाडलेले असे. ही एक घटिका. अहोरात्रात अशी वाटी साठ वेळा बुडली पाहिजे, असे ‘सूर्यसिद्धान्त’ या प्राचीन ग्रंथात सांगितले आहे. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो, ते या वाटीवरून.

भांड्याला तारणारी ही पोकळी दरवेळी उपकारकच ठरते असे नाही. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि गोदावरी चढू लागली म्हणजे नाशिककर या मूर्तीकडे पाहतात. पाणी मारुतीच्या पायाशी आहे, कमरेला लागले की गळ्याशी पोहोचले, यावरून पुराचा अंदाज घेण्याची येथील पद्धत आहे. १९६९ साली मोठा पूर आला होता. पुढे २००८, २०१६ आणि २०१९ या सालीही नदीचे पाणी काठच्या बाजारपेठेत शिरले. अलीकडच्या पुरांत एक प्रकार वारंवार घडतो. काठावर उभ्या केलेल्या मोटारी पाण्याबरोबर वाहत जातात. नऊशे किलो वजनाची मोटार! ती गुडघाभर पाण्यात कशी हलेल, असे पाहणाऱ्यास वाटते. आणि या समजुतीपायी कित्येक जण पुराच्या पाण्यात गाडी घालतात.

येथे तराजूचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. लहान मोटारीचा तळ रस्त्यापासून वीतभर उंच असतो. तो ३.६ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ५.४ चौरस मीटर होते. तळाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढले की मोटार ५४० लिटर पाणी सारते. अर्थात तिचे ५४० किलो वजन पाण्याने उचललेले असते. सतरा सेंटिमीटर चढले की हा आधार नऊशे किलोंच्या पुढे जातो. रस्त्यापासून मोजल्यास एवढे पाणी धड गुडघ्यापर्यंतही पोहोचत नाही. तोपर्यंत मोटारीची चाके रस्त्यावरून उचलली गेलेली असतात आणि वाहणारे पाणी तिला वाटेल तिकडे नेते. दारांच्या फटींतून पाणी आत यावयास थोडा वेळ लागतो. ते आत भरले की तिचे घटिकापात्र होते. पुलावरून पाणी वाहत असताना पलीकडे जाऊ नये, असे पोलीस ओरडून सांगतात, ते याचसाठी.

मनुष्याचे शरीर या तराजूत कोठे बसते? ते जवळजवळ मध्यावर बसते. छातीत श्वास भरून घेतला असता बहुतेकांचे शरीर पाण्याहून किंचित हलके असते. श्वास सोडला की ते किंचित जड होते. एवढ्याशा फरकावर पोहणाऱ्याचे जीवन अवलंबून असते. पाण्यात पडलेला माणूस घाबरतो, ओरडतो आणि मदतीसाठी दोन्ही हात वर करतो. ओरडण्याने छातीतील हवा जाते. हात पाण्याबाहेर गेले की त्यांना पाण्याचा आधार उरत नाही आणि त्यांचा सगळा भार शरीरावर पडून तोंड पाण्याखाली जाते. उलट जो छाती भरून घेतो, हात पाण्यात ठेवतो आणि उताणा होऊन मान मागे टाकतो, त्याचे नाक-तोंड पाण्याबाहेर राहू शकते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या अंगाला वाळलेला भोपळा बांधीत असत. वाळलेल्या भोपळ्याचे वजन नगण्य, पण तो पुष्कळ पाणी सारतो. तेवढ्याने तराजू मुलाच्या बाजूने झुकतो. भोपळा असला तरी जाणता पोहणारा सोबत असल्यावाचून मुलाला पाण्यात सोडीत नसत, हेही सांगितले पाहिजे.

आतापर्यंत आपण वस्तूचे पारडे बदलून पाहिले. दुसरे पारडे, म्हणजे पाण्याचे, बदलता येते काय? येते, आणि त्याला फक्त मीठ लागते. मीठ विरघळले की पाण्याचे आकारमान थोडेसेच वाढते, परंतु वजन चांगलेच वाढते. समुद्राचे एक लिटर पाणी एक किलो २५ ग्रॅम भरते. इस्राएल आणि जॉर्डन यांच्या मधला मृत समुद्र तर इतका खारट आहे की त्याच्या एका लिटरचे वजन सुमारे एक किलो २४० ग्रॅम असते. तेथे मनुष्य बुडी मारू म्हणेल तरी पाणी त्याला आत घेत नाही. एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. निफाड-दिंडोरीकडचे एक टपोरे द्राक्ष काचेच्या पेल्यातील साध्या पाण्यात टाकावे. ते तळाशी जाईल, कारण रसातील साखरेने ते पाण्याहून जड झालेले असते. आता चमचा चमचा मीठ घालून पाणी हलकेच ढवळीत जावे. साधारण चार-पाच चमचे मीठ विरघळल्यावर द्राक्ष तळ सोडते आणि वर येऊ लागते. द्राक्ष जितके गोड, तितके मीठ जास्त लागते. न चाखता गोडी ओळखण्याचा हा एक मार्ग झाला, जरी चाखण्याचा मार्ग बहुतेकांना अधिक पसंत पडेल!

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत, या खाऱ्या पाण्याच्या तराजूवर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. हा मुलूख सह्याद्रीच्या माथ्याचा. पाऊस मुसळधार, पीक भाताचे. मृगाच्या आधी बियाणे तयार करावे लागते. बियाण्याचे भात सुपाने पाखडलेले असते, त्यामुळे भुसा आणि अगदी रिकामी फोलपटे उडून गेलेली असतात. पण अर्धवट भरलेला दाणा वाऱ्याला दाद देत नाही. वरून तो भरल्या दाण्यासारखाच दिसतो. त्याला ओळखणार कसे?

दारणेच्या काठच्या एखाद्या घरी मे महिन्याच्या अखेरीस हे काम चाललेले दिसते. आजी पिंपात दहा लिटर पाणी घेते आणि त्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळविते. मग बियाणे त्यात ओतून ती हाताने ढवळते आणि पाणी निवळण्याची वाट पाहते. थोड्या वेळाने पाण्यावर दाण्यांचा एक थर जमतो. बाकीचे भात तळाशी बसते. मागल्या हंगामात कापणीच्या वेळी पावसाने गाठलेले असले, तर हा वरचा थर चांगलाच जाड असतो. पोते एकच राखून ठेवलेले; त्यातले इतके बी वर आलेले पाहून नातीचा जीव खालीवर होतो.

“आजी, एवढं सगळं काढून टाकायचं? आपल्याला बी पुरेल का?”

“टाकायचंच, बाळे. हा तरंगलेला दाणा सोल, आणि तो तळातला सोल. मग मला सांग.”

नात दोन्ही दाणे नखाने सोलून पाहते. तळातल्या दाण्यात टरफलाच्या टोकापासून टोकापर्यंत तांदूळ भरलेला असतो. तरंगलेल्या दाण्यात आत एक बारीकसा, सुरकुतलेला कण असतो आणि उरलेल्या जागेत नुसती हवा. 

बीज रुजते तेव्हा कोंबाला पाने नसतात. स्वतःचे अन्न त्याला तयार करता येत नाही. मुळे धरून हिरवे पान फुटेपर्यंत तो दाण्यातील शिदोरीवर जगतो. अर्धपोटी दाण्याची शिदोरी वाटेतच संपते. तो रुजला तरी रोप पिवळे, किरटे निघते आणि आवणीच्या वेळी चिखलात टिकाव धरीत नाही. शिवाय बुरशीने पोखरलेले दाणेही हलके होऊन वर येतात, आणि ते पेरले तर रोग निरोग्या रोपांतही पसरतो. एका पोत्यातले काही बी गेले तर रोपे थोडी कमी पडतील. पण वाईट बी पेरले तर खाचरच्या खाचर रिकामे पडू शकते. आजीने हा हिशेब कागदावर मांडलेला नसतो. तो तिने आवणीच्या दिवसांत, कमरेत वाकून, बोटांनी शिकलेला असतो.

मग साध्या पाण्याने हे काम का भागत नाही? साध्या पाण्यात रिकामा दाणा वर येतो खरा. परंतु अर्धा भरलेला दाणा पाण्याहून किंचित जड असल्यामुळे चांगल्या दाण्यांबरोबर तळाशी बसतो आणि त्यांच्यातच लपून राहतो. मिठाने पाण्याचे पारडे जरासे भारी केले की हा लपलेला दाणा उघडा पडतो व वर येतो. लिटरमागे तीस ग्रॅम मिठाचा एवढा प्रताप! महाराष्ट्राचा कृषी विभाग भातासाठी ही रीत शेतकऱ्यांना शिकवितो. जपानमध्ये योकोई तोकियोशी या कृषितज्ज्ञाने १८८२ साली खाऱ्या पाण्याने भाताचे बी निवडण्याची पद्धत पद्धतशीरपणे मांडली, आणि तेथेही ती शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली.

आजी वरचा थर चाळणीने काढून घेते. हे दाणे कोंबड्यांपुढे टाकावेत असे नातीला वाटते; पण रोगट दाणा अंगणात नको म्हणून आजी ते चुलीत घालते. तळाचे भात ती दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुते, कारण अंगाला मीठ राहिले तर कोंब जळतो. पडवीत पोती अंथरून ते भात सावलीत पसरले जाते. उद्यापर्यंत ते वाळेल. मग त्याला औषध चोळावयाचे, राब भाजलेल्या जमिनीत ते फेकावयाचे आणि वाट पाहावयाची. नात पडवीच्या कडेला बसून पाखरे हाकीत असते. समोर कळसूबाईच्या माथ्यावर पहिले ढग टेकू लागलेले असतात.